औषध दिलेल्या घरचं पाणी

आमच्या व्याह्यांइतका निःस्वार्थी माणूस लोहारा तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि निःस्वार्थी माणूस आपल्या माणसांना जितका छळतो तितका पक्का स्वार्थी माणूसही छळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. स्वार्थी माणसाला निदान काहीतरी हवं असतं. ते त्याच्या हातावर ठेवलं की आपण मोकळे. आमच्या व्याह्यांना कुणाकडून काहीच नको असतं. चहा नको, पाणी नको, आभार नकोत, सावलीतली खुर्चीसुद्धा नको. अशा माणसाचा पाहुणचार करायचा कसा, आणि पाहुणचार करता येत नसेल तर व्याही म्हणून त्याच्यावर रुसायचं तरी कसं, या विचारानं माझी पंचायत समितीतली शेवटची काही वर्षं आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं खराब झाली आहेत. माझा रक्तदाब पंचायत समितीच्या कटकटींनीही वाढला नव्हता. तो लेकीचं लग्न व्याह्यांच्या गावी, माकणीत ठरल्यावर वाढला.

कारण एकच. व्याही औषध द्यायचे. त्यांच्या घरासमोर कडुनिंबाखाली दगडी ओटा आहे. दर रविवारी उजाडता उजाडता त्या ओट्यावर बसून ते मुतखड्याचं औषध द्यायचे. वडिलांकडून आलेलं औषध. कसलीतरी वाळवून बारीक केलेली पूड, ती ताकात कालवून पाजायची, आणि वर दिवसभर हंडाभर पाणी प्यायला सांगायचं. आता एवढं पाणी प्यायल्यावर बारका खडा औषधाशिवायही वाहून जाईल, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा करुणेनं पाहिलं की जणू मलाच खडा आहे आणि तो डोक्यात आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, त्यामुळं घरटी एखादा तरी मुतखडेवाला. माणसं जीपगाड्या करून यायची. उमरग्याहून, औशाहून, पार कर्नाटकातून यायची. माणूस फाटकातून आत येतानाच्या चालीवरून व्याही सांगायचे, "डाव्या अंगाला हाय. कमरंत वाकून चालतोय बगा." चुकायचे का? चुकत असतीलही, पण चुकलेला माणूस पुढच्या रविवारी तक्रार करायला कशाला येईल?

आता या औषधाचे नियम. रोग्यानं अनशा पोटी यायचं. औषधाचं नाव विचारायचं नाही, आणि देणाऱ्यानं ते जिभेवर आणायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला, कायमचा. देणाऱ्याचा हात त्याच्या स्वतःच्या तोंडाला लागू पडत नाही. बदल्यात काही घ्यायचं नाही. रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं जाताना तांब्याखाली नोट सरकवून ठेवली, तर व्याही अनवाणी त्याच्या गाडीमागं स्टँडपर्यंत गेले, नोट परत दिली आणि भर स्टँडवर त्याला सांगितलं की तुझं औषध बाद झालं, आता सोलापूरला जाऊन ऑपरेशन कर. तो बिचारा खरंच जाऊन करून आला. आणि सगळ्यांत वरचा नियम असा, की ज्याला आपल्या हातानं औषध दिलं त्याच्या घरचं पाणी देणाऱ्यानं जन्मभर प्यायचं नाही.

ऐकायला हा नियम मोठा उदात्त वाटतो. पण ज्यानं हयातभर औषध वाटलं त्याला पाणी प्यायला घर उरेल का, याचा विचार तो नियम करणाऱ्यानं केला नव्हता. आमच्या व्याह्यांना तीन तालुक्यांत उघडं असं जवळजवळ एकही दार राहिलं नाही. लग्नाला गेले तर धोतराच्या सोग्यात भाकरी आणि खांद्याला पाण्याची बाटली. पंगत बसलेली असायची आणि हे मांडवाबाहेर बाभळीखाली चटणी-भाकरी खात असायचे. नवरीचा बाप हात जोडून समोर उभा, आणि हे त्याला दिलासा देतायत, "तुमच्यावर राग न्हाय वो. तुमच्या वडलास्नी दिल्तं म्या." आमच्या घरी मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी पत्रिका मागितली नाही, मानपानाचं बोलले नाहीत. पोह्यांची बशी समोर आली तशी ती हातानं थोपवून मला विचारलं, "पाव्हणं, या घरात कुणाला मुतखडा?" मुलीच्या बापाला असला प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. मी नाही म्हणालो. माझा मेहुणा शेजारीच बसला होता आणि त्यानं माकणीला जाऊन औषध घेतलेलं होतं. तो या घरातला धरायचा की पाहुणा, यावर पोहे गार होईपर्यंत खल झाला. शेवटी पाहुणा ठरला. मग चहा आला, तर दूध कुणाचं ही चौकशी. दूधवाल्याचा खडा मागच्या पावसाळ्यात पडलेला निघाला. व्याह्यांनी कोरा चहा घेतला. लग्न ठरलं, पण माझ्या बायकोनं ती बशी आत नेऊन ज्या आवाजात ठेवली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

या नियमातून त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नव्हतं. आक्का गावातच दिलेली, चार घरं टाकून. तरुणपणी तिला खडा झाला, ती कळवळत आली, यांनी औषध दिलं, आणि त्या दिवसापासून भाऊबीजेला हे तिच्या अंगणात उभ्यानं ओवाळून घ्यायचे आणि तसेच परत फिरायचे. ती दरवर्षी पुरणाचा स्वयंपाक करायची. दरवर्षी तो तिची पोरं खायची. आक्का वारली तोवर भावाच्या पानात वाढणं काही तिला जमलं नाही. मला हे लेकीनं सांगितलं तेव्हा मी जो भडकलो तो दोन दिवस भडकलेलाच होतो. कसला गुण, कसलं पुण्य? पण व्याह्यांना त्यावर एक शब्द बोलायची कुणाची टाप नव्हती. जावई तिथल्याच शाळेत मास्तर, वर्गात मोठा आवाज काढणारा, पण वडलांसमोर त्याचं तोंड फक्त जेवायला उघडतं.

अशा या लघवीच्या प्रांतातल्या राजाला प्रोस्टेटची गाठ निघाली, आणि ती कॅन्सरची निघाली. घर हादरलं. व्याही हादरले नाहीत. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की लवकर सापडलंय, शेक देऊ, बरे व्हाल. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. कित्येक आठवडे रोज शेक. सोलापूरला आतेभाऊ होता, पण त्याला औषध दिलेलं. म्हणून विहीणबाईंना घेऊन धर्मशाळेत राहिले, आणि त्या माउलीनं स्टोव्हवर स्वयंपाक केला. त्या शेकाला आत जाण्याआधी भरपूर पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवावी लागते. पहिल्याच दिवशी तिथल्या पोरीनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तर यांनी तिला तिचं गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग तिच्या आजोबांचं नाव विचारून म्हणाले, "तुज्या आज्याला दिलंय म्या औषध. दुसऱ्या कुणाला तरी पाणी द्यायला सांग." मशीन खोळंबलं, मागं माणसांची रांग. त्या पोरीच्या जागी मी असतो तर त्यांना तसंच, कोरडंच, मशीनवर झोपवलं असतं.

शेक संपले. गाठ आटोक्यात आल्याचं डॉक्टर म्हणाले. निघताना त्यांनी नीट समजावून सांगितलं की लघवीच्या पिशवीलाही शेक लागतो, तेव्हा काही दिवस लघवीला जळजळ होईल, घाईनं जावं लागेल, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. कमी झालं नाही किंवा लाल दिसलं तर लगेच या, आणि आम्हाला विचारल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नका. जावयानं हे सगळं ऐकलं. व्याह्यांनी पहिलं अर्धंच ऐकलं. त्यांनी मनाशी वाटणी करून टाकली होती. ती मला नंतर कळली. गाठ डॉक्टरची, लघवी आपली.

जळजळ कमी झाली नाही. पण ही गोष्ट ते कुणाला सांगणार? अख्खा मुलूख ज्याच्याकडं लघवीचं दुखणं घेऊन येतो, त्यालाच आता घटकाघटकाला लोटा घेऊन पळावं लागतंय हे चारचौघांत कसं कळू द्यायचं? आमच्या जिल्ह्यातल्याच वाशीला पुतण्याचा साखरपुडा होता. आम्ही एकाच जीपमधून निघालो. वाटेत व्याह्यांनी गाडी थांबवली, म्हणाले, तूर कशी आलीय बघतो. पुढं हरभरा बघायला थांबवली. मग ज्वारी. पीक बघून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी पाहिलेली नव्हती. शेवटी एका ठिकाणी तर निव्वळ नांगरून टाकलेलं रान होतं. तिथंही ते उतरले, आणि परत येऊन ड्रायव्हरला म्हणाले की माती झकास हाय. मी दात-ओठ खात बसलो होतो. साखरपुडा आमच्याशिवाय झाला. मला तेव्हा वाटलं की वयामुळं माणसाला शेतीचं वेड लागलं असावं. इतका मी शहाणा.

त्यानंतर काही आठवड्यांनी लेकीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, आई घरात जेवत नाहीत. आई म्हणजे सासूबाई, आमच्या विहीणबाई. सासू-सुना लग्नापासून एका ताटात जेवल्यासारख्या जेवायच्या, घरातल्या पुरुषांची झाली की मग दोघी. आता विहीणबाई स्वयंपाकाला हात लावतात, सगळ्यांना वाढतात, आणि जेवायच्या वेळी आज उपास आहे म्हणतात. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, गुरुवारी भूक नाही. आणि त्या दिवशी लेकीनं त्यांना शेजारच्या काकूंच्या ओसरीवर भाकरी खाताना पाहिलं. "माझं काय चुकलं बाबा? माझ्या हातचं त्यांना चालंना झालंय." मी फोन ठेवला आणि चपला घातल्या. बायको म्हणाली, आधी रक्तदाबाची गोळी घ्या आणि मग भांडायला जा. गोळी खिशात टाकली, काळीपिवळी पकडली, आणि माकणी येईपर्यंत काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. मुलीच्या बापाचा राग आयुष्यात एकदाच पुरा काढायला मिळतो. मी तो वाया घालवणार नव्हतो.

व्याही ओट्यावर होते. मी पाणी न घेता, उभ्यानंच सुरुवात केली. तुमच्या घरात माझ्या मुलीच्या हातचं विहीणबाईंना चालत नाही हे खरं का? ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, जेवते की ती घरात. माझ्या मागनं जेवते. मी म्हणालो, तुमच्या मागनं काय होतं हे तुम्ही कधी वळून बघितलंय? शेजारच्या ओसरीवर जेवतात त्या. तेवढ्यात विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ही बाई माझ्यासमोर कधी दोन वाक्यांच्या वर बोललेली नाही. पदर नीट करून त्या शांतपणानं म्हणाल्या, "पोरीचं काय बी चुकलं न्हाय पाव्हणं. म्या ह्यास्नी औषध दिलंय. मंग ह्यांच्या घरचं पाणी मला कसं चालंल?"

मला कळायला जरा वेळ लागला. देणाऱ्याचा हात स्वतःच्या तोंडाला लागू पडत नाही, म्हणून यांनी दिवाळीपासून विहीणबाईंच्या हातून स्वतःचंच औषध घ्यायला सुरुवात केली होती. रोज सकाळी. त्यांनी बोटानं झुडूप दाखवायचं, नाव घ्यायचं नाही, बाईंनी उपटून आणायचं, वाळवून कुटायचं आणि ताकातून पाजायचं. मुतखड्याचं औषध, ज्यानं लघवी जास्त सुटते, ते कुणाला? तर ज्याला आधीच मिनिटामिनिटाला जावं लागतंय त्या माणसाला. आणि ज्या दिवशी पहिला पेला त्यांच्या हातात दिला त्या दिवसापासून ती बाई स्वतःच्या घरात परकी झाली होती. सार्वजनिक नळावर कळशी भरून शेजारच्या घरी ठेवायची, तिथलं पाणी प्यायची. शेजाऱ्यांनी पूर्वी औषध घेतलेलं होतं, पण ते व्याह्यांच्या हातून, हिच्या नव्हे, म्हणून ते घर हिला चालत होतं. इतका काटेकोर हिशेब त्यांनी एकटीनं लावला होता, आणि घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

व्याह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अगं, ते आपल्या घराला लागू न्हाय." विहीणबाई म्हणाल्या, "तुमीच म्हणता, घर कुणाचं बी असू द्या." आणि आत गेल्या.

मी उरलेलं भांडण भांडून घेतलं. मला लाज वाटत नाही. तीन तालुक्यांत आपण कुणाकुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही हे ज्याला तोंडपाठ, त्याला आपली बायको सहा-सात आठवडे कुठं जेवते याचा पत्ता नसावा? आणि कसलं औषध, कुणाला विचारून? सोलापूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? व्याही खाली मान घालून ऐकत होते. मध्येच उठले आणि घाईनं परसात गेले. परत आले तेव्हा हळूच म्हणाले, "पाव्हणं, दोन दिवस झालं, लाल दिसतंय." माझं भांडण तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांना लोहाऱ्याला आणलं. आमच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, पोटाची सोनोग्राफी केली, सोलापूरच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावून मंगळवारची वेळ घेतली. मग विचारलं, आजोबा, वरून काय घेताय? व्याही गप्प. मी म्हणालो, सांगा. त्यांनी नाही अशी मान हलवली. बाईंनी समजावलं की शेकानंतर आतली कातडी नाजूक झालेली असते, लाल कशानं आलं ते नळी घालून बघावं लागेल, आणि पोटात काय जातंय हे कळल्याशिवाय मी गोळ्या कशा लिहू? सोलापूरच्या कागदावर तुमची रक्तदाबाची गोळीही दिसतेय. व्याह्यांनी खूप वेळ विचार केला. मग बंडीच्या खिशातून फडक्याची गाठ काढून टेबलावर सोडली. नाव सांगायला मनाई होती, दाखवायला कुठं होती? काटेरी वाळलेली फळं टेबलावर घरंगळली. बाई वाशीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बघितल्याबरोबर त्यांनी नाव घेतलं. तेवढ्यात व्याह्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले. सत्तरी ओलांडलेला माणूस डॉक्टरसमोर कान झाकून, डोळे मिटून बसलेला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

बाई हसल्या नाहीत. व्याह्यांनी कान उघडेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. व्याह्यांनी एकच विचारलं, हे औषध या दुखण्यावर लागू पडतं का नाही? त्या म्हणाल्या, "आजोबा, शेकानंतरच्या त्रासावर हे लागू पडतं, असं मला कुणी खात्रीनं दाखवलेलं नाही. मला माहीत नाही. पण माहीत नाही म्हणून तुमच्यावर करून बघू, असं मी म्हणणार नाही. आजपासून बंद." लघवीत जंतू निघाले होते, त्याच्या गोळ्या दिल्या. पाणी दिवसा बेतानं घ्या, संध्याकाळनंतर कमी करा, आणि चहा जवळजवळ बंद, चहानं पिशवी चिडते. तीन तालुक्यांत ज्याला आमच्या कोऱ्या कपापलीकडं कुणी चहा पाजू शकलं नाही त्याला हे सांगितलं जात होतं.

जीपनं परत माकणीला निघालो. या खेपेला त्यांनी पीक बघायचं नाटक केलं नाही, सरळ ड्रायव्हरला सांगून उतरले, आणि मी त्यांच्याबरोबर उतरून रस्त्याकडं पाठ करून उभा राहिलो. गाडीत बसताना म्हणाले, ती बाई खरं बोलली. मला माहीत नाही असं आजवर त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, औषध तर बंद झालं, आता विहीणबाईंचं काय? त्या जन्मभर शेजारी जेवणार का? सूट द्या त्यांना. तुमचाच नियम आहे.

व्याही खिडकीबाहेर बघत होते. "आक्काच्या घरी म्या जेवलो न्हाय, पाव्हणं, ती मरस्तवर. आता हिला सूट दिली, तर आक्काला का दिली न्हाय?"

इतकी वर्षं ज्या गोष्टीचा मला राग होता ती गोष्ट त्यांच्या आत कुठं रुतून बसली होती हे मला पहिल्यांदा दिसलं. मी गोळी काढून घेतली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली. त्या दिवशी मी लोहाऱ्याला परतलो नाही, माकणीतच राहिलो.

उजाडलं तसा रविवार होता. फाटकाबाहेर जीप लागलेल्या, ओट्यासमोर माणसं बसलेली, कुणी कमरेला हात लावून, कुणी भिंतीला टेकून. विहीणबाई शेजारच्या ओसरीवर तोंड धूत होत्या. व्याही आंघोळ करून बाहेर आले, हातात ताकाचं भांडं नव्हतं. ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. त्यांनी एकदा शेजारच्या ओसरीकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सराटा हाय त्यो. सराट्याची फळं. ताकातनं देतो म्या. दुसरं काय बी न्हाय त्यात."

सराटा. ज्याचा काटा आमच्याकडं प्रत्येकाच्या टाचेत आणि प्रत्येक सायकलीच्या टायरात कधी ना कधी गेलेला आहे, तो सराटा. वडलांचं औषध त्यांनी त्या क्षणी माझ्या डोळ्यांदेखत मारून टाकलं होतं, आणि ते मेलं म्हणजे कुणी कुणाला औषध दिलं हा प्रश्नच उरत नव्हता. मी लोकांकडं पाहत होतो. लोक एकमेकांकडं पाहत होते. मग गावातलेच एक म्हातारे, काठी टेकून बसलेले, म्हणाले, "ठावं हाय की."

व्याह्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून म्हातारे पुन्हा म्हणाले, "समद्यास्नी ठावं हाय. तुमच्या वडलांच्या टायमापास्नं."

"मंग कुणी बोलला कसा न्हाय?"

"तुमी सांगितलं न्हाय, आमी इचारलं न्हाय."

व्याही ओट्यावर बसले. मला त्या सगळ्या गावाचा राग आला, आणि तो राग नीट धरून ठेवता आला नाही. त्यांनी आलेल्या माणसांना समजावून सांगितलं की आता गुण गेला, लोहाऱ्याला जाऊन पोटाचा फोटो काढा, डॉक्टर सांगतील तसं करा. काहीजण हळूहळू उठले. एकदोघं म्हणाले, गुण जाऊ द्या, तसंच द्या. त्यांनी दिलं नाही. पुढं मंगळवारी सोलापूरला नळी घालून तपासलं तेव्हा गाठ परत आलेली नव्हती, आतली कातडीच चिडलेली होती, आणि आता गोळ्यांनी जळजळ पुष्कळ कमी आहे, घाई मात्र अजून आहे. पण ते नंतरचं. रविवारी दुपारपर्यंत ओटा रिकामा झाला, आणि ते तिथंच बसून होते. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

विहीणबाई शेजारून उठून आल्या. त्यांच्या काखेत ती कळशी होती. ती त्यांनी उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीला म्हणाल्या, दोघांची ताटं एकदमच वाढ. लेक माझ्याकडं बघायला लागली. त्या घरात नवराबायको एका पंगतीला कधी बसलेली नव्हती. मी म्हणालो, वाढ.

दोघं समोरासमोर बसली. दोन घास झाले असतील नसतील, व्याही घाईनं उठले आणि परसात गेले. विहीणबाईंनी त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, स्वतःचा हात ताटातच ठेवला आणि थांबल्या. ते आले, बसले, जेवण पुढं सुरू झालं. थोड्या वेळानं पुन्हा उठावं लागलं. जाताना ते ओशाळून म्हणाले, तू जेव. विहीणबाईंनी पुन्हा ताट झाकलं. लेकीनं तव्यावरची गरम भाकरी पुढं केली, तुम्ही तरी घ्या आई, गार होतंय सगळं. विहीणबाईंनी मान हलवली. "येऊ दे त्यास्नी," म्हणाल्या, आणि परसाच्या दाराकडं तोंड करून बसून राहिल्या.